एकदा जागं झालेलं बी

सळईकाकूला काका नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष काका कधी येतो याच्याकडेच लागून राहतं. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि ते का झालं नाही याची आमच्याकडे बरीच कारणं चालत होती. त्यातलं सगळ्यात लोकप्रिय कारण असं, की बघायला आलेल्या मुलाला तिने डोक्यापासून पायापर्यंत असं काही न्याहाळलं की तो चहा तसाच टाकून उठला. खरं-खोटं पाववाल्याला ठाऊक, कारण हे कारण मुळात त्यानेच काढलेलं.

शेतकऱ्यांच्या सहकारी संघाच्या बियाणे गोदामात लागली आणि ती सगळ्यांची काकू झाली. सळई तिच्या हातातली. लांब, पोकळ, एका टोकाला अणकुचीदार आणि पोटाला खाच असलेली. पोत्यात खुपसायची, फिरवायची, बाहेर काढली की अगदी आतले दाणे त्या खाचेत बसून येतात. पोतं उसवायला लागत नाही. काकूची अंगकाठीही तशीच, त्यामुळे हे नाव कोणी ठेवलं म्हणून भांडायला तिला जागाच उरली नव्हती.

तिचं काम सांगायला सोपं होतं. बियाणे म्हणून विकायच्या गव्हाच्या प्रत्येक लॉटमधून नमुना काढायचा. त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर रांगेने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ती उबदार कपाटात उभी ठेवायची आणि आठवड्याने उघडून बघायची. किती उठले, किती वाकडे उठले, किती उठलेच नाहीत. पुरेसे उठले असतील तर पोत्याला काकूच्या सहीचा टॅग, नाहीतर पोतं गिरणीत. एखाद्याने वर्षभर राबून आणलेला गहू मातीत जाणार की पिठात, ते त्या ओल्या कागदावर ठरायचं.

त्या कागदाची सवय तिच्या जिभेला लागली होती. कोणाचं पोर दुकानापुढे उनाडताना दिसलं की म्हणायची, "उठेल, पण वाकडं." पाववाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर आम्ही चार म्हातारे रोज बसायचो. आमच्यावरून नजर फिरवून म्हणायची, "हा अख्खा लॉट दळायला." आम्ही हसायचो. ती हसायची नाही, त्यामुळे आम्ही जास्तच हसायचो.

पण पेरणी आटोपली की ही बाई बदलायची.

तोंड बंद व्हायचं. गोदामातून घरी जाताना शेतांमधली जवळची वाट सोडून ती रस्त्याने मोठा वळसा घेऊन जायची. गोदामाच्या माळ्यावर एक खिडकी आहे, तिथून पार ओढ्यापर्यंतची शेतं दिसतात. त्या खिडकीला तिने गोणपाट ठोकून टाकलं होतं. आणि घरात डबे. तेलाचे, बिस्किटांचे, रंगाचे, मिळेल तो डबा मातीने भरायचा, आणि पास केलेल्या प्रत्येक लॉटमधलं मूठभर बियाणं त्यात पेरायची. खिडकीत डबे, जिन्यावर डबे, पलंगाखाली डबे. तिच्याकडे कोणी गेलं तर खुर्चीवरचा गहू उचलून बाजूला ठेवल्याशिवाय बसता येत नसे. "काकूकडे बकरी पाहुणी म्हणून पाठवायला हवी," असं आम्ही म्हणायचो.

मग एकदा पोस्टमनने येऊन सांगितलं. संध्याकाळची वेळ, पेरणी होऊन थोडे दिवस झालेले, काकू रस्त्याच्या कडेला उभी. समोर उघडं शेत, माणूस नाही, ढोर नाही. आणि काकू त्या शेताकडे मान हलवून म्हणत होती, "बघितलं हो. बघितलं मी."

"कोणाला म्हणत होती?" आम्ही विचारलं.

"तेच तर. कोणीच नव्हतं."

"सापडला!" पाववाला ओरडला. "काकूचा काका सापडला!"

त्या दिवशी हसून आमची पोटं दुखली. पुढे एका दुपारी वीज गेली, भट्टीजवळचा पंखा बंद पडला आणि काकू पाव घ्यायला आली ती आमच्याच बाकाच्या कडेला टेकली. पाववाल्याला राहवलं नाही. "काकू, संध्याकाळी शेतात कोण असतं हो?"

तिने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "सगळे असतात. आपापल्या शेतात उभे. मान खाली घालून. काहीतरी सांडलंय आणि शोधतायत, असे."

"ओळखीचे?"

"पाठमोरे असतात. पण पाठीवरून ओळखू येतात ना रे."

"मग यंदा कोण कोण होतं?"

"तुझे वडील होते," काकू म्हणाली, आणि पाव घेऊन निघून गेली.

पाववाल्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दुपारी बाकावर कोणी हसलं नाही.

आमच्या वयाच्या माणसांना ते सगळे कोण, हे सांगायला नको होतं. ते वर्ष आम्हीही बघितलं होतं. गहू पिकून उभा होता, विळे निघाले होते, आणि पाऊस आला. आला तो जाईना. उभ्या ओंब्या भिजल्या, मग ऊन पडलं, वाळल्या, कापल्या, मळल्या. पीक निम्म्याने गेलं, पण जे हाती आलं ते दिसायला बरं होतं. काकू तेव्हा तरुण होती, कामावर नवी होती. तिने नमुने काढले, कागद मांडले, आणि दाणे उठले. छान उठले. नियमात बसत होतं, तिने टॅग लावले. सगळ्यांनी तेच बी नेलं, कारण त्या साली दुसरं नव्हतंच. पेरणीपर्यंत मधे काही महिने गेले. पेरलं, आणि उगवलं नाही. एका शेतात नाही, दोन शेतांत नाही. ओढ्यापर्यंत काळी जमीन तशीच. लोक सकाळी आपापल्या शेतात जायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे.

काकूच्या धाकट्या बहिणीचं शेत गोदामाला लागूनच होतं. धाकटीचं नुकतंच लग्न झालेलं, पोर कडेवर. त्या वर्षाने त्यांचं घर मोडलं. शेत दुसऱ्याला लावून दिलं आणि ते नवरा-बायको शहरात गेले. जाताना धाकटी बहिणीच्या दारावरून गेली, पण आत गेली नाही. तेव्हापासून दोघींमध्ये शब्द नव्हता.

असं का झालं, ते काकूला फार उशिरा कळलं. एक तज्ज्ञ बाई बाहेरून गोदामाला भेट द्यायला आल्या होत्या, त्यांनी भिंगाखाली दाणा धरून दाखवलं. काकू पुढे ते आम्हाला तिच्या पद्धतीने सांगायची. "दाण्याच्या पोटात शिदोरी असते, एकदा उठण्यापुरती. ओंबीत भिजला की दाण्याला वाटतं, हाक आली. तो जागा होतो, शिदोरी सोडतो, खायला लागतो. तेवढ्यात ऊन पडतं आणि तो पुन्हा मिटतो. लगेच हाक मारलीत तर उठेलही. आव आणेल. पण थोडे महिने जाऊ द्या, मग ओरडून ओरडून घसा बसला तरी नाही उठायचा. बी दोनदा जागं होत नाही."

त्यावर परीक्षाही त्या बाईंनीच शिकवली. बियांना आधी छळायचं. बंद डब्यात, खाली पाणी, वर जाळीवर दाणे, आणि डबा चांगल्या उबेत ठेवून द्यायचा. त्या दमट उबेत दाणा थोड्या दिवसांत महिन्यांचं म्हातारपण भोगतो. मग नेहमीसारखा कागदावर मांडायचा. ज्याच्यात जीव आहे तो एवढं सोसूनही उठतो.

आता अलीकडचं.

धाकटीचा मुलगा, म्हणजे काकूचा भाचा, मोठा होऊन परत आला. नवरा गेल्यावर धाकटीचं शहरात काही उरलं नव्हतं, पण ती आधी आली नाही. भाच्याने शेत सोडवून घेतलं, नीट केलं, आणि संघाशी बोलून बियाण्याचा गहू लावला. पीक असं उभं राहिलं की बघायला लोक सायकली थांबवायचे. कापणी जवळ आली तशी धाकटी मदतीला आली आणि राहिली.

बाकावर आम्हाला दुसरा विषय उरला नाही. दोघी बहिणी एकाच वेळी पाव घ्यायला आल्या, त्या दिवशी तर आम्ही श्वास रोखून बसलो होतो. धाकटीने पाववाल्याला विचारलं, "ताजे आहेत का?" काकूने पाववाल्याला सांगितलं, "ताजे आहेत म्हणून सांग." पाववाला म्हणाला, "ताजे आहेत." एवढंच. पण एवढंही इतक्या वर्षांत झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात धाकटीने भाच्याच्या हाती बहिणीला एक पांघरूण पाठवलं. काकूने ते अंगावर घेतलं नाही. घडी घालून उशाशी ठेवलं. हे आम्हाला कसं कळलं, ते विचारू नका.

आणि पाऊस आला.

विळे निघाले होते, तेव्हाच. ओंब्या भिजल्या. काहींना तर उभ्या उभ्या हिरवे कोंब फुटले. मग ऊन. जवळपास सगळ्यांचा गहू गेला. भाच्याचा उंचावरचा, निचऱ्याचा, तो दिसायला तरी शाबूत राहिला. बियाणं म्हणावं असा एवढा एकच लॉट गोदामात आला, पण तो एवढा मोठा होता की सगळ्यांची पेरणी त्यावर निघाली असती.

काकूने सळई घातली, कागद मांडले. आठवड्याने गुंडाळी उघडली तर दाणे असे उठले होते, जणू गादीवर झोपून आलेत.

संघाच्या व्यवस्थापकांना आम्ही चालेलसाहेब म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द क्वचितच बाहेर पडायचा. छप्पर गळतंय? चालेल. कामावर कोणी आलं नाही? चालेल. त्यांनी कागद बघितला आणि टेबलावर थाप मारली. "काकू, चालेल! पळेल!"

काकू भिंग घेऊन खिडकीशी गेली. दाण्याच्या टोकाला जिथून कोंब फुटतो, त्याला ती डोळा म्हणायची. बऱ्याच दाण्यांच्या डोळ्यावरची साल बारीक चिरलेली होती. उघडून मिटलेले डोळे.

"साहेब, मला याला छळायचंय," ती म्हणाली.

गोदामातलं उबेचं यंत्र केव्हाचं बिघडलेलं. तेव्हा ती डबा घेऊन पाववाल्याकडे आली. भट्टीच्या मागच्या भिंतीला एक कोनाडा आहे, सदा गरम. तिथे डबा ठेवला. "पाव समजून विकू नकोस," असं पाववाल्याला बजावून गेली, आणि रोज येऊन भिंतीला हात लावून बघायची. छळ संपला, दाणे कागदावर गेले, कागद कपाटात गेला. आणि तो उघडला त्या दिवशी काकू गोदामातून बाहेरच आली नाही. शेवटी चालेलसाहेबच आत गेले. भाचाही तिथेच होता, टॅग केव्हा लागतात हे विचारायला आलेला.

कागदावर दाणे जिथल्या तिथे पडून होते. दहातले दोन-तीन उठलेले, बाकीच्यांवर बुरशी.

"पेरणीपर्यंत हे असं होणार," काकू म्हणाली. "मी टॅग लावत नाही."

"आजची उगवण नियमात आहे," साहेब म्हणाले.

"आजची आहे. पेरणी आज नाही."

"काकू, जरा ऐका. मी सगळीकडे फोन करून थकलोय. बाहेर बी नाही, सगळीकडे हीच बोंब आहे. मिळालं तर मूठभर मिळेल. टॅग नाही लावला तर लोक काय पेरतील? घरातलं खायचं धान्य पेरतील, तेही याच पावसात भिजलेलं. मग हे काय वाईट? आणि तुम्ही कशावर विसंबून बोलताय? पाववाल्याच्या भिंतीवर? त्या आठवड्यात भट्टी जरा जास्त पेटली असेल, दाणे शिजले असतील. तुम्ही छातीठोक सांगता का, की हे उगवणार नाही?"

इथे गंमत संपते. चालेलसाहेब काही मूर्ख नव्हते, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काकूनेही ते मानलं. "छातीठोक नाही सांगू शकत. तुम्हाला द्यायचंच असेल तर टॅगशिवाय द्या. सांगून द्या, उठेल किंवा नाही उठणार. पण माझी सही बघून माणूस निर्धास्त होतो. ती देणार नाही."

"टॅगशिवाय संघाला विकता येत नाही."

"मग नाही येत."

"मावशी," भाचा म्हणाला, "तुला माझ्या गव्हात ते जुनं वर्ष दिसतंय. माझा गहू बघ ना. त्या वर्षाची भीती माझ्या पोत्यांवर काढू नकोस."

काकूने त्याच्याकडे बघितलं. त्याचा बाप अगदी असाच उभा राहायचा, एका पायावर भार देऊन. "तसंही असेल रे," ती म्हणाली. तरी टॅग लागला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी गोदामात आली. कोणाला न विचारता आत गेली आणि आपल्याच गव्हाच्या पोत्यावर बसली. काकू सळई पुसत होती.

"ताई," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांनी.

काकूच्या हातातलं फडकं थांबलं.

"त्या वेळी तू पास केलंस, आम्ही गेलो. आता तू नापास करतेस. म्हणजे आताही आम्हीच जायचं?"

"धाकटे, हे बी..."

"बी राहू दे. मी तुला बीचं नाही विचारत. मी विचारतेय, दर वेळी आम्हीच का?"

धाकटीने उठून पदर झटकला. पदराला चिकटलेले गव्हाचे दाणे खाली पडले. दारात जाऊन म्हणाली, "गिरणीत घाल बाकीचं. आमच्या शेतापुरतं आम्ही आमचंच पेरणार. त्याला कोणाची सही लागत नाही."

आणि तेच झालं. भाच्याचा लॉट गिरणीत गेला. संघाने कुठून कुठून थोडं बी आणलं, ते वाटून दिलं, आणि पुष्कळांची निम्मी जमीन पडीक राहिली. लोक काकूवर खवळले. चांगलं बी दळलं म्हणाले. बहिणीवर डूख धरला म्हणाले. म्हातारपणी सळई वाकडी झाली म्हणाले. आमच्या बाकावर तर तिला बघून कोणी पायही आवरून घेत नसे. टोमणे मारायला समोरचा माणूसही टोमणे मारणारा लागतो. ती गप्पच झाली होती, त्यामुळे आमची सगळी मजा गेली.

पेरण्या झाल्या. धाकटीनेही आपलं बी पेरलं. आणि काकूचं एक नवंच सुरू झालं. ती रोज पाववाल्याकडे यायची, पाव घ्यायची नाही, भट्टीमागे जाऊन त्या भिंतीला तळहात लावून उभी राहायची.

"त्या आठवड्यात तू भट्टी जास्त तापवली होतीस का रे?" ती विचारायची.

"नेहमीसारखीच असेल."

"आठव ना. कोणाची मोठी ऑर्डर होती का? लाकूड वेगळं होतं का?"

पाववाला जिभेने कितीही वात्रट असला तरी मनाचा मऊ. चार दिवस हे ऐकल्यावर तो म्हणाला, "हो काकू, आठवलं. जास्तच तापवली होती. भिंतीला हात लागत नव्हता."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. "खोटं बोलतोस."

"बरं, बोलतो. तुम्हाला तेच ऐकायचं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. "तेच ऐकायचं होतं."

सगळा जन्म या बाईचा बरोबर ठरण्यात गेला होता, आणि आता तिला चुकायचं होतं. तिला हवं होतं की भिंत खोटी निघावी, सळई खोटी निघावी, तो चिरलेला डोळा तिच्या चष्म्याचा दोष निघावा, आणि धाकटीचं शेत असं तरारून उठावं की आख्ख्या गावाने तिच्या तोंडावर हसावं. संध्याकाळची ती रस्त्यावरून जायची तेव्हा डोळे पायांवर ठेवायची. एकदा पोस्टमनने विचारलं, "काकू, यंदा आले का ते सगळे?" ती म्हणाली, "आलेत. यंदा रस्त्यापर्यंत आलेत." पोस्टमनने त्यानंतर ती वाट सोडली.

मग आजूबाजूच्या शेतांत संघाचं बी उगवलं. विरळ उगवलं, पण हिरवी रेघ दिसायला लागली. धाकटीच्या शेताचं कोणी काही बोलेना. विचारलं की लोक दुसरीकडे बघायचे.

पुढचं मला धाकटीने सांगितलं, आणि तिने सांगितलं तसंच मी सांगतो.

ती सकाळी एकटीच शेतात गेली होती. भाचा घरी होता. तो दोन दिवस शेताकडे फिरकलाच नव्हता, अजून वेळ आहे, माती थंड आहे, असं म्हणत होता. धाकटी ओळीत खाली बसली आणि बोटाने माती उकरायला लागली. दाणा सापडला. फुगलेला, राखी. चिमटीत धरला तर त्याचं पीठ झालं, आणि आंबट वास आला. तिने पुढे उकरलं. पुन्हा तसंच. मधेच एखादा कोंब होता, बारीक, इतका एकटा, की तो बघून जास्तच वाईट वाटावं.

पावलं वाजली म्हणून तिने मान वर केली. ताई बांध ओलांडून येत होती. ती कधी शेतात पाय ठेवत नाही, हे धाकटीलाही माहीत झालं होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती आजूबाजूला न बघता, अरुंद दारातून वाट काढावी तशी, अंग चोरत येत होती. मोकळं शेत, तरी अंग चोरत.

येऊन ती शेजारी बसली. धाकटीने तळहात पुढे केला. त्यावरचं ते ओलं पीठ काकूने बघितलं, बोटाने थोडं पसरलं, आणि हात मागे घेतला.

"बोल ना," धाकटी म्हणाली. "म्हण, मी सांगितलं होतं."

"नाही म्हणणार."

"मग रड तरी."

काकू म्हणाली, "त्या सालीही मी हेच बघत होते गं. माळ्याच्या खिडकीतून. तुम्ही सगळे उभे होतात."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"तू खिडकीत होतीस ते. मी वळून बघितलं होतं, ताई. पोर कडेवर होतं. मी हात केला. तुला वाटत असेल तुझ्या टॅगमुळे मी बोलायची बंद झाले. बी तर सगळ्यांचंच मेलं होतं, त्यात तुझं एकटीचं काय? पण मी हात केला आणि तू खिडकीतून मागे सरकलीस. पूर्ण दिवस वाट बघितली मी. गोदाम ते शेत, मधे एक बांध. तू आली नाहीस."

काकू म्हणाली, "मला कोणाचं तोंड बघवलं नसतं."

"म्हणून पाठी बघत राहिलीस." धाकटी हे रागाने म्हणाली नाही, असं तिनेच मला सांगितलं, नुसतं म्हणाली. "आता कोण कोण आहेत इथे? लोक सांगतात तुला दिसतात."

काकूने पहिल्यांदा मान वर करून शेतभर बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"आहेत," ती म्हणाली.

"मी आहे का त्यांच्यात?"

"आहेस. कडेवर पोर आहे."

धाकटी उठली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. ऊन वर आलं, तरी ओळीओळीतून तो आंबट वास येतच होता.

शेवटी धाकटीने हात मातीला पुसले. "घरी तो वाट बघतोय. माझं तोंड बघितलं की त्याला कळेल. माझ्याने नाही सांगवणार ताई. त्याच्या बापाला मीच सांगितलं होतं."

काकू उठली. गुडघे धरून, हळूच, पण उठली. बांध ओलांडून सरळ वाटेने धाकटीच्या घराकडे गेली. दार उघडंच होतं. भाचा पायरीवर बसून औताचा खिळा ठोकत होता. मावशीला बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

"उगवलं का?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. नजर काढली नाही.

"नाही रे, राजा," ती म्हणाली. "चल, बघायला चल. मी आहे बरोबर."